मामाच्या दारातला मांडव

पहिल्या दिवशी मला एकच काम दिलं होतं: फ्रेममध्ये बाहेरचं माणूस येऊ द्यायचं नाही. बाकी काय चाललंय ते मला सांगायची कुणाला गरज वाटली नाही, आणि विचारायची मला लाज वाटली. त्यात तिथे सगळेच दादा. कॅमेरावाला दादा, लाइटवाला दादा आणि दिग्दर्शक म्हणजे मोठा दादा. कुणी "दादाला सांग" म्हटलं की मी अंगणभर नुसती गरगरत राहायचे.

कॉलेजात मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका टीमला हळदीच्या गाण्याच्या व्हिडिओसाठी गावाकडचं घर हवं होतं, आणि मीच शहाणी बोलून बसले, "माझ्या मामाचं आहे ना, म्हसा गावाजवळ!" पुढे सारवलेलं अंगण, मागे कापणी झालेली खाचरं, त्यांना लगेच आवडलं. घराच्या बदल्यात मला शूटिंगवर घेतलं. मामा तर काय, "घर तुझाच हाय गो," म्हणून मोकळा झाला.

पण त्या घरात तेव्हा खरंच लग्नाचं चाललं होतं. माझ्या मामेबहिणीला शेणवे गावचा एक मुलगा बघून गेला होता. पसंती झाली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मुलगा आटगावकडे कंपनीत कामाला. बहीण त्याच्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, पण फोन उशीखाली घेऊन झोपायची. मी चिडवलं की ती उशीच फेकून मारायची.

शूटिंगवाल्यांनी मांडवासाठी प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणल्या होत्या. मामाला ते बघवेना. "असा कुटं मांडव असतोय?" म्हणत कोयता घेऊन गेला आणि उंबराची डहाळी, जांभळीचा पाला, आंब्याचे टहाळे घेऊन आला. खऱ्या लग्नात करतात तशी उंबराची डहाळी मांडवाच्या मेढीला बांधून वर हातही जोडले.

"मामा, हे सगळं खोटं आहे हो," मी म्हटलं.

"खोटा असला म्हनून काय झाला? दार तर आपलाच हाय ना."

मला मामाचं भारी कौतुक वाटलं.

मग हिरॉईन आली. तिचं दुसऱ्या दिवशी कुठेतरी दुसरं शूटिंग होतं, त्यामुळे खरी हळद अंगाला लावायला तिने साफ नकार दिला. मोठ्या दादाने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या बहिणीवर बोट ठेवलं. "हातपाय हिचे घेऊ." झालं, तिला पिवळी साडी नेसवून पाटावर बसवली. वाडीतल्या बायकांनी हळद वाटलेलीच होती. गाणं लावलं तर ते दुप्पट जोरात पळायला लागलं. "याला काय मुंग्या चावल्या काय गो?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसत सुटल्या. नंतर व्हिडिओ हळू करतात म्हणून गाणं आधी पळवतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलं आणि आळ माझ्यावरच येणार.

एवढ्यात मामाचे म्हातारे चुलते काठी आपटत दारात.

"मांडव घातलास, पोरीला हलद लावलीस, न भावकीला साधा सांगावा नाय?"

"काका, शूटिंग हाय वं ती! खोटी हलद."

"मांडवाला उंबर लावलास न मला खोटी सांगतोस?" काका तापलेच होते. "मी शेनव्याला फोन केला मगाशी. म्हटला, आमाला नाय तर नाय, तुमाला तरी बोलावना हाय का? त्यांनाबी नाय! मग पोरीचा नवरा कोन?"

मामा मटकन ओट्यावर बसला. मुलाच्या बापाला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जुळलेलं लग्न मोडतंय हे अंगणात सगळ्यांना कळलं, फक्त शूटिंगवाल्यांना सोडून.

"माझा फोन दे गो," बहीण पाटावरून पुटपुटली. तिचे दोन्ही हात हळदीने भरलेले, डोळे भरून आलेले. "कुणी हलायचं नाही! उजेड चाललाय!" मोठा दादा ओरडला. मी आतून फोन आणला, त्या मुलाचा नंबर लावून तिच्या कानाला धरला. रिंग वाजत राहिली. मलाच रडू यायला लागलं. नक्की काय सांभाळायचं, फ्रेम की बहीण, काही सुधरेना.

तेवढ्यात एक बाइक थेट अंगणात घुसली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात हेल्मेट. शेणव्याचा मुलगा! कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर उभा राहून तो उंबराच्या डहाळीकडे बघत होता, मग पाटाकडे.

"अरे, कोण आहे हा? फ्रेम क्लिअर कर!"

ते तर माझं काम. मी धावले, त्याची बाही धरली. त्याने हळूच मला विचारलं, "नवरा कोन हाय?"

मुंडावळ्या कपाळावर सरकवून पोहे खात बसलेल्या हिरोकडे मी बोट दाखवलं. "तो. म्हणजे हिचा नाही हो, तिचा. ती तिकडे बसलीय ती नवरी. ही नाही. हिचे फक्त हातपाय!" मी काय बोलत होते, माझं मलाच कळत नव्हतं. त्याचा चेहरा पार उतरला आणि तो बाइककडे वळला.

बहीण पाटावरून उठली. मामा, काका, वाडीतल्या बायका, सगळ्यांसमोर, पिवळे हात अंगापासून लांब धरून.

"त्याला नको हलवू गो," ती मला म्हणाली. "राहू दे त्याला हितंच."

तो थांबला. मोठा दादा मागून ओरडत होता, "अगं, हटव ना त्याला!" मी त्याची बाही सोडून दिली.