मिटलेले डोळे उघडताना

त्या काळी कोल्हारच्या आसपास जिवंतपणी फोटो काढून घेणारी माणसे थोडी होती. माणूस गेला की स्टुडिओवाल्याला बोलावीत, देहाला भिंतीशी टेकवून बसवीत आणि एकच फोटो काढून घेत. पुढे तो फोटो माझ्याकडे येई. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. फोटोवरून कोळशाच्या पुडीने मोठे चित्र काढायचे आणि मिटलेले डोळे उघडे दाखवायचे, एवढे माझे काम. दुष्काळाच्या त्या दिवसांत अशी चित्रे मी एकामागून एक काढली.

एकदा वर्षश्राद्धाला एका घरी जेवायला बसलो. समोरच्या भिंतीवर मीच काढलेले म्हातारबाबा होते. मिशा, पटका त्यांचा. बघणे मात्र ओळखीचे. घास हातातच राहिला. घरी येऊन दाढीच्या आरशात पाहिले आणि उमगले. डोळे काढताना अडलो की मी याच आरशात पाहत आलो होतो. गावातल्या कितीतरी भिंतींवरून मीच पाहत होतो.

त्यानंतर कोळसा हाती धरवेना. अशात शेजारच्या गल्लीतली एक विधवा आपल्या तरण्या मुलाचा फोटो घेऊन आली. विहीर खोदताना दरड कोसळून तो गेला होता.

"मावशी, डोळे मिटलेलेच राहू देऊ का? झोपल्यासारखा दिसेल."

"मिटल्यालं म्या पाह्यलंय, मास्तर. उघडं काढा."

"कसे होते त्याचे डोळे?"

ती बोलू लागली आणि थांबली. "बघायचा ना तवा... आता मिटल्यालंच म्होरं येत्यात वो. म्हनून तर तुमच्याकडं आले."

मी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. कागदामागून कागद खोडले. प्रत्येक वेळी तीच नजर उमटली. अखेर त्यातलेच एक चित्र दिले.

ती बराच वेळ पाहत राहिली. "व्हय, ह्योच. अस्साच बघायचा."

तिच्या मनात त्याचे खरे डोळे कुठे तग धरून असतील, तर आता तेही गेले होते.

ती रोज त्या चित्राशी बोलते, असे कानावर येई. मी तिच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागलो. एकदा तिने ओट्यावरून हाक मारली, "नव्या नवरीवानी कुठं निघालात, मास्तर? जरा वर तरी बघा!"

"ऊन फार आहे, मावशी," मी म्हणालो आणि तसाच पुढे गेलो.