अर्धा कप

सारोळ्याजवळच्या एका कारखान्यात कामगारांच्या वागण्याचा अभ्यास करायला मी महिनाभर जात होतो. तिथं चहा द्यायला एक मावशी होत्या. माणूस दाराशी दिसला की त्या किटली उचलायच्या; किती देऊ, असं कधी विचारायच्या नाहीत. तीन नंबर लाइनच्या माणसांना मात्र अर्धाच कप ओतायच्या.

मी कारण विचारलं. कप विसळता विसळता त्या म्हणाल्या, "पुरा प्यायला येळच गावत न्हाई त्यांना. त्यांचा सायेब घड्याळ बगत हुबा ऱ्हातो."

माझ्या प्रश्नावलीत त्या लाइनच्या प्रत्येकानं 'पूर्ण समाधानी'वर खूण केली होती. ती भरून घ्यायचं काम त्या साहेबांनीच आपणहून अंगावर घेतलं होतं. मी त्यांचे आभारही मानले होते.