ढोलीचं दार

शांतिनाथ मगदूम यांच्या हातून उभ्या आयुष्यात मुंगीही मेली नसेल. राजारामपुरीतल्या त्यांच्या कापडदुकानात गिऱ्हाइकं थट्टा करायची, "अण्णा ढेकणालासुद्धा 'या, बसा' म्हणतील!" पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि कुणी नियम सांगितला की तो निमूट पाळायचा, अशी त्यांची रीत. या शेवटच्या गुणानंच त्यांचा घात केला.

कोरोनात त्यांची बायको राजमती दवाखान्यात होती. आत कुणाला सोडत नव्हते. फोनवर तिचं एकच, "अवो, मला हितनं भाईर काढा की." तीही दिवस मावळल्यावर जेवायची नाही, म्हणून अण्णा रोज उन्हं असतानाच फाटकावर डबा देऊन यायचे. दार ढकलून आत घुसावं, हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही. शेवटचा डबा दिला, तेव्हा ती सकाळीच गेली होती. कुणी सांगितलं नाही. डबा मात्र आत घेतला गेला.

पुढं अण्णांनी दुकान मुलाच्या ताब्यात दिलं आणि गॅलरी धरली. गॅलरीला खेटून एक जुना पर्जन्यवृक्ष होता. त्यावर राखी धनेशांची जोडी यायची. लहानपणी कोडोलीच्या मळ्यात पाहिलेले हे वाकड्या चोचीचे पक्षी. मळ्यातली म्हातारी झाडं तुटली, म्हणून बिचाऱ्यांनी शहरात बिऱ्हाड केलं असावं. अण्णा त्यांना 'पावणं' म्हणायचे. सकाळी ती जोडी दिसली की त्यांना चहा गोड लागायचा.

उन्हाळ्यात त्यातला एकच दिसू लागला. अण्णा रोज दुसऱ्याची वाट बघत बसायचे. मग एका सकाळी त्यांना झाडाची ढोली दिसली. तोंड चिखलानं लिंपलेलं, आणि बारीकशा फटीतून चोचीचं टोक हलत होतं.

"कुणी रं जिता जीव चिणला ह्यो!"

घरात कुणी नव्हतं. आणि या खेपेला त्यांना कुणाला विचारायचंही नव्हतं. कपडे वाळत घालायच्या काठीला त्यांनी उलथणं बांधलं आणि गॅलरीतूनच लिंपण फोडायला घेतलं. आतून चोच उलथण्यावर तडातड आपटत होती.

"भिऊ नगंस बाई. काढतो तुला भाईर."

लिंपण फुटलं. मादी बाहेर पडली, पण पंखांत पिसंच नव्हती. ती फडफडत खाली कोसळली. अण्णा जिना उतरेपर्यंत कावळ्यांनी तिचं आटोपलं होतं. वर ढोलीतली अंडीही त्यांनी सोडली नाहीत.

सून आदिती बाजारातून आली, तेव्हा सासरे काठी हातात धरून गॅलरीत उभे होते. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "मामा, कुणी कोंडलं नव्हतं तिला. अंडी घालायला ती आपणच दार लिंपून घेती. पिसंबी आतच झडत्यात. नर फटीतनं भरवतो की तिला."

अण्णांनी काठीला बांधलेलं उलथणं सोडून ठेवलं.

दुपारी नर आला. फुटक्या ढोलीच्या कडेला बसून त्यानं चोचीतलं उंबर आत धरलं. कुणी घेईना. त्यानं ते आत टाकलं, वाट पाहिली, उडून गेला आणि दुसरं घेऊन आला. मग तिसरं.

अण्णांनी गॅलरीचे गज घट्ट धरले.

"अगं, न्हाय ती आत," ते आदितीला म्हणाले. "कुणीतरी सांगा की त्येला."