आत काय चाललंय ते सांगा

राहुरीच्या एका शेती संशोधन केंद्रात मी आकडेमोडीची सहायक होते. माहेर राहात्याजवळचं, शेतकऱ्याचं घर. संख्याशास्त्र शिकलेली घरातली मी पहिलीच. दुष्काळाची वर्षं होती. कोरडवाहू जमिनीत बाजरीच्या अकरा वाणांचे तीन हंगामांचे प्रयोग आमच्याकडे झाले होते. त्यातला कोणता वाण कमी पाण्यात तग धरतो, हे आकड्यांवरून काढायचं आणि पेरणीआधी बियाण्याची शिफारस करायची, असं ठरलं होतं. कणसं मोजायचं काम आमच्या शेतमदतनीस मामांनी केलं होतं. वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस, पण एक वाफा चुकवला नव्हता.

हातानं ही आकडेमोड करायची तर वर्ष गेलं असतं. म्हणून आम्ही सगळे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवले, मी आणि माझ्याबरोबरच्या दुसऱ्या सहायक मुलीनं दोनदा ताडून पाहिले आणि मेणकापडात गुंडाळलेली पेटी पुण्यातल्या एका कॉम्प्युटर केंद्राकडे पाठवली. चार दिवसांत निकाल मिळेल असं त्यांनी सांगितलं होतं.

तीन आठवडे गेले. मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायची, तास-तास बाकावर बसून राहायची, आणि पलीकडून एकच उत्तर यायचं, "काम चालू आहे."

"चालू म्हणजे कुठवर आलंय?"

"चालू आहे म्हटलं ना, बाई. मशीन आहे ते. त्याला मध्येच विचारता येत नाही."

आमच्या साहेबांनी तर दोष माझ्याच माथी मारला. "तुमच्याच कार्डांत घोळ असेल. मुलींना हे काम झेपत नाही, हे मी आधीच म्हटलं होतं." चार माणसांसमोर म्हणाले. मी पुण्याला जायला म्हणून जागच्या जागी रजेचा अर्ज लिहिला. मामा दाराशी उभे होते. "कणसं म्या मोजल्यात," ते म्हणाले, "म्या बी येतो."

पुण्याला पोचलो. काचेपलीकडे ते मशीन, थंडगार खोलीत, आणि समोर टायवाला एक ऑपरेटर. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. बाकाशेजारच्या टेबलावर मशीनचं माहितीपुस्तक दोरीनं बांधून ठेवलं होतं. दोन तास दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते वाचत बसले. त्यात लिहिलं होतं की मशीनच्या आत एक मुख्य प्रोग्राम असतो. बाकी सगळी कामं त्याच्या देखरेखीखाली चालतात. कोणतं काम आत्ता चालू आहे, कोणतं रांगेत आहे, कोणतं अडवून ठेवलंय, सगळ्याची नोंद तो ठेवतो. ऑपरेटरनं मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर एक ओळ टाइप केली की तो यादी छापून देतो. एक ओळ! तीन आठवडे मी पोस्टाच्या पायऱ्या झिजवत होते, आणि या माणसाला फक्त एक ओळ टाइप करायची होती.

मी काच वाजवली. तो बाहेर आला.

"आत्ता आत कोणकोणती कामं आहेत त्याची यादी काढा."

"ती ग्राहकांसाठी नसते."

"मग कुणासाठी असते? पुस्तकात लिहिलंय की ती तुम्हाला मिळते. काढा आणि मला दाखवा."

"बाई, तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

"आमच्या कामाचा नंबर मला पाठ आहे. आकडा वाचता येतो मला."

माझा आवाज चढला असावा, कारण आतल्या केबिनमधून त्याचे वरिष्ठ बाहेर आले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. ऑपरेटर आत गेला, टाइपरायटर खडखडला आणि कागदाचा तुकडा बाहेर आला. चालू कामं चार. आमचा नंबर त्यात नव्हता.

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आपलं न्हाई त्यात?"

"नाही."

"मंग चालू हाय चालू हाय काय सांगत हुते हे?"

मी अडवलेल्या कामांची यादी मागितली. त्यात एकच नंबर होता, आमचा. वरिष्ठांनी नोंदवही काढून पाहिली, काम लांबलचक दिसलं म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी ते थांबवून ठेवलं होतं आणि मग विसरून गेलं होतं. मशीन मात्र विसरलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं त्याच दिवशी सांगितलं असतं.

ऑपरेटरनं ते सोडलं. एकोणीस मिनिटांत निकाल छापून झाला. कार्डांत एकही चूक निघाली नाही. ऑपरेटरनं कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "झालं ना आता?"

झालं नव्हतं. राहुरीला परतलो तेव्हा कळलं, आदल्याच दिवशी साहेबांच्या बैठकीत दुसऱ्याच वाणाची शिफारस होऊन गेली होती, गेल्या वर्षी शेतकऱ्यांना दिलेला वाणच बरा म्हणून. आमच्या निकालात तो सातवा होता. बियाणं गावोगाव निघालंसुद्धा होतं. साहेबांनी अहवाल तयार केला, "तांत्रिक कारणामुळे विलंब," आणि सहीला माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली नाही. खाली लिहिलं, "काम पहिल्या दिवसापासून अडवून ठेवलेलं होतं. कुणी मशीनला विचारलं नाही." मामांनी माझा पेन मागून घेतला आणि सावकाश अक्षरं जुळवत लिहिलं, "मी समक्ष होतो." साहेब त्यांच्यावर ओरडले. मामा ऐकून घेत उभे राहिले, पण लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही.

मी पुण्याच्या केंद्रालाही पत्र टाकलं, की कामांची यादी रोज सकाळी काचेवर लावा. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, मग तिसरं. पुढच्या हंगामाची कार्डं घेऊन गेले तेव्हा काचेवर यादी डकवलेली होती, तारीख आणि वेळ घालून. परभणीकडून आलेला एक माणूस तिच्यावर बोट फिरवत आपला नंबर शोधत होता. त्याला तो सापडला, रांगेत तिसरा, आणि तो जेवायला निघून गेला.