हळदीनं कुणी आजारी पडतं व्हय?

आमच्या मालकांना कामगारांच्या तब्येतीची पर्वा नव्हती, असं मी कधीच म्हणणार नाही. पर्वा होती, म्हणूनच तर माझं डोकं फिरायचं. सांगलीत त्यांची हळदीची वखार होती आणि दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी तिथं कारकून होतो. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्या गड्यांनी बारा सूर्यनमस्कार घालायचे, वर गुळाचा खडा खायचा. आकडे मोठ्यानं मोजायचे मी. मग खिडक्या लावायच्या, त्याही मीच, कारण भुकटी उडून शेजाऱ्यांच्या वाळवणावर बसायची. सुकलेली हळद पिंपात घालून दिवसभर फिरवली की साल निघून ती चकाकते. ती साल आतल्या आत इतकी उडायची की समोरचा माणूस दिसायचा नाही.

पिंप फिरवायला पाटणकडचा एक गडी होता, पलटणीतून परतलेला, अंगानं पैलवान. दुसऱ्या वर्षी त्याला आठव्या नमस्काराला धाप लागू लागली. मी मालकांकडे गेलो. म्हटलं, खिडक्या उघडू द्या, निदान तोंडाला फडकी बांधायला सांगा.

मालक हसले. "अहो, जखमेवर आपण काय लावतो? हळद. खोकल्यावर काय घेतो? हळद. ती छातीत गेली तर बरंच की!" आणि त्यांनी त्यालाच बोलावून विचारलं.

"आवं मालक, हळदीनं कुणी आजारी पडतं व्हय?" तो म्हणाला आणि खोकत तिथंच खाली बसला.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "अरे, तुझ्यासाठी भांडत होतो मी!"

"तुमी उगं घोर लावून घेताय. हळद हाय, इख न्हाई." तोंडाला बांधायला मी दिलेल्या फडक्यानं त्यानं घाम पुसला. पालथ्या घड्यावर पाणी!

उन्हाळा सरता सरता त्यानं अंथरूण धरलं. मालकांना खरंच वाईट वाटलं. वखारीतली उत्तम हळद पुडीत बांधून त्यांनी माझ्या हाती दिली. "दुधातून दोन वेळा द्यायला सांगा." आणि मी ती निमूट नेली. त्याच्या बायकोनं माझ्यासमोरच पेला भरला. खोकल्यातून वाट काढत तो एकेक घोट प्यायला आणि म्हणाला, "मालक लय चांगला माणूस हाय." राग आला तो माझा मलाच.

तो गेल्याचा निरोप आला त्या सकाळी मी बारापर्यंत मोजलं आणि रोजच्यासारख्या खिडक्या लावून घेतल्या.