अविवाहित देवशीभाईंची लेक

मणिबेनला ओळखत नाही असा माणूस केनियातल्या आमच्या किसुमूत एक तर काल आलेला असेल, नाहीतर त्याला पोट नसेल. अंगानं भरलेली, रंगानं आईवर गेलेली, पण नाक अस्सल राडियांचं. तिनं तोंड उघडण्याआधी ते नाकच गुजराती बोलायला लागायचं. बाप देवशीभाई राडिया, याला गावच्या रस्त्यावरचे दुकानदार. आई अतिएनो, तिथल्या लुओ जमातीची मुलगी. देवशीभाईंनी तिच्या बापाला बारा गायी दिल्या आणि तिथल्या रीतीप्रमाणे लग्न लागलं. त्या गायी रेल्वे फाटकातून हाकत नेल्या तेव्हा मी स्टेशनात नवा कारकून होतो. गाडी खोळंबली म्हणून साहेबाच्या शिव्या मी खाल्ल्या. म्हणजे या लग्नाचा साक्षीदार मी आहे, आणि शिव्या खाऊन झालेला साक्षीदार सहसा विसरत नाही.

देवशीभाईंच्या लोहाणा समाजाचं म्हणणं मात्र असं पडलं, की गायींभोवती सात फेरे घेता येत नाहीत. संपला विषय.

आम्ही सगळे एशियन दर फेब्रुवारीत मेळा भरवतो. नियम असा, की स्टॉल माणसाला नाही, समाजाला मिळतो. पटेलांना एक, शिखांना एक, बोहऱ्यांना एक, आम्हा गोवेकरांना एक. चिनी समाज म्हणजे हॉटेलवाले मिस्टर लाउ आणि त्यांची बायको. दोघांचं आपसात बोलणं नाही, तरी त्यांनाही एक. मणिबेनचा समाज कुठला? ती लोहाणांच्या स्टॉलमागे, ताडपत्रीच्या आड, बटाट्याची भजी आणि मोगोच्या कंदाचे काप तळत बसायची. बावीस वर्षं. पुढे रेशमी साड्या नेसलेल्या बायका ताटल्या देत आणि ‘कृती आमच्या घरचीच हं’ म्हणून सांगत. मीही तिथंच उभा राहून खात होतो, हेही सांगून टाकतो.

मग एका वर्षी मेळ्याचे अध्यक्ष झाले जितुभाई, देवशीभाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. म्हणजे मणिबेनचा सख्खा चुलत भाऊ. त्यांच्या डोक्यातून निघालं, की प्रत्येक घराण्यानं आपली वंशावळ लाकडी फळ्यावर रंगवून दारात लावायची. कल्पना झकास. अडचण एवढीच, की जितुभाईंना आजोबा रामजींच्या वरचं एकही नाव येत नव्हतं. जामनगरकडचा त्यांचा बारोट, पिढ्या लिहून ठेवणारा, निपुत्रिक मेला आणि वही कुठं गेली ते त्यालाच ठाऊक. देवशीभाईंनी मात्र दुकानात बसून लेकीकडून सगळी नावं पाठ करून घेतली होती.

जितुभाई मला बरोबर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेले.

“मणिबेन, वरची नावं तुला येतात म्हणे.”

“येतात. लिहून घेणार, का ऐकून घरी जाणार?”

“लिहूनच घेतो ना.”

“मग घ्या. रामजींचे वडील प्रेमजी. त्यांचे कालाणजी. त्यांचे वश्राम. त्यांचे जेठा. तियोफिलकाका, ते भजं कच्चं आहे, थांबा जरा. जेठांचे नरसी, नरसींचे मूळजी.”

सहा नावं, कुठं अडखळली नाही. मग पदराला हात पुसून म्हणाली, “आणि खालची?”

“खालची मला येतात,” जितुभाई म्हणाले.

त्या वाक्याला वास येत होता. पण माझ्या नाकाशी भजी होती.

मेळ्याच्या सकाळी मणिबेन पिठाचं पातेलं घेऊन आली. ओकुमू पेंटरनं आदल्या संध्याकाळीच रंगवलेला फळा, सरोवराच्या दमट हवेनं रंग अजून ओला. बापानं शिकवलेल्या गुजराती अक्षरांत तिनं वरून खाली वाचत आणलं. मूळजी, नरसी, सगळे जागच्या जागी. शेवटी देवशी. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत: अविवाहित.

“जितुभाई, हे काय आहे?”

“मणि, आज नको. कमिशनरसाहेब यायचेत.”

“मी कमिशनरबद्दल विचारत नाहीये.”

“समाजाच्या दप्तरात लग्नाची नोंद नाही. मी काय करू?”

“नोंद माझ्या आजोबांच्या गोठ्यात होती. दूध देत होती.”

“पुढच्या वर्षी तुला वेगळा स्टॉल देतो. लाउसाहेबांच्या शेजारी.”

“स्टॉल नको मला. तो शब्द काढा आणि माझं नाव घाला.”

जितुभाईंनी आवाज खाली आणला. “अगं, माझ्या हेमाला बघायला विलायतेतून, लेस्टरहून माणसं आलीत. त्यांनी वाचलं तर?”

“वाचू देत. बापाचं शेवटचं आजारपण मी काढलं, तेव्हा लेस्टर कुठं होतं?”

यावर गप्प बसला असता तरी माणूस निभावून गेला असता. पण नाही. म्हणाले, “शेवटी आईवरच गेलीस.”

मणिबेन ताडपत्रीमागं गेली आणि घासलेटमध्ये बुडवलेला बोळा घेऊन आली. आधी मूळजी पुसले. मग नरसी, मग जेठा. पिवळा रंग तिच्या कोपरापर्यंत ओघळला. रेशमी साड्या बघत राहिल्या, एकीनंही हात धरला नाही.

“वेड लागलंय का तुला?” जितुभाई म्हणाले.

“ही सहा मी दिलेली. परत नेते.” प्रेमजींना पुसून ती थांबली. “रामजी तुम्हाला ठाऊक होते, ते ठेवा.”

“आणि तो शब्द?” मी विचारलं. चोंबडेपणा माझा जात नाही.

“तो त्यांचा आहे काका. त्यांनी पुसावा.”

आपली कढई उचलून ती घरी गेली. त्या दिवशी लोहाणांची भजी बाहेरून काळी आणि आत कच्ची होती. कमिशनरांनी फळ्यापुढं उभं राहून विचारलं, “तुमचं घराणं आजोबांपासूनच सुरू होतं?” आणि जितुभाई हसले. ते हसू मी आजवर जपून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी जितुभाई माझ्याकडं. नावं लिहून घेतलेल्या कागदाला ओकुमूनं ब्रश पुसला होता, एक अक्षर लागत नव्हतं. “तियोफिलकाका, तुम्ही होतात तिथं. तुम्हाला बावन्न साली कोण कुणाच्या खिडकीखाली उभं होतं तेसुद्धा आठवतं.”

“तेवढंच आठवतं,” मी म्हणालो.

सहाही नावं जिभेवर होती. खोटं बोललो. पाद्रीबाबांनाही सांगितलं नाही, कारण पश्चात्ताप होत नाही.

चौथ्या दिवशी ते मणिबेनकडं गेले. तिनं चहा दिला आणि सांगितलं, “फळा आणा, रंग आणा. आधी खालची ओळ, मग वरच्या.” जितुभाई अर्धा तास बसले, चहा संपवला आणि निघून आले. एक ओळ, अर्ध्या तासात घशाखाली उतरली नाही त्यांच्या. हेमाचं लग्न लेस्टरला झालं. मणिबेननं मेळ्यात पुन्हा कढई ठेवली नाही.

गेल्या महिन्यात मणिबेनकडं, यालाला गेलो होतो. ती आता थकलीय, पण तिची तीन नातवंडं, आडनाव ओचिएंग, अंगणात ओळीनं उभी राहून म्हणत होती: मूळजी, नरसी, जेठा, वश्राम, कालाणजी, प्रेमजी, रामजी, देवशी, मणि. धाकटी जेठा विसरली तर मोठ्यानं तिला टपली मारली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

जितुभाईंना ती नावं हवी असतील तर यालाचा रस्ता डांबरी झालाय. गाडीनं एक तास लागतो.