बंब गेला, धूर राहिला

आधीच सांगून ठेवते, मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. भूत-बित, करणी, उतारे... कुणी असलं काही बोललं की त्याची टर उडवण्यात मीच पुढे. तेव्हा हे वाचून तुम्ही माझी उडवलीत तर माझी तक्रार नाही.

परतूर तालुक्यातल्या आष्टीत आमचं सासरचं घर. दगडी, वर माळवद. नव्वदच्या दशकातली, थंडीच्या दिवसांतली गोष्ट. मुलगा अजय तेव्हा चार महिन्यांचा होता. न्हाणीत तांब्याचा बंब असायचा आणि सासूबाई रोज पहाटे त्यात लाकडं-गोवऱ्या घालून फुंकत बसायच्या. खोकून खोकून बेजार व्हायच्या. म्हणून मी हट्टच धरला -- गिझर आणा. आमच्या यांनी आणला, बंब मोडीत गेला. धूर जाण्यासाठी माळवदाला एक भोक होतं. त्यातून गार वारा येतो, बाळाला बाधेल, म्हणून त्यावर फरशी ठेवून सिमेंटनं पक्कं बुजवलं. ते राहू द्यायचं होतं, असं सासूबाई म्हणाल्या. का, ते मात्र त्यांना सांगता येईना.

त्यानंतरचा रविवार. उन्हं चांगली वर आलेली. मी बादली भरली, गिझर बंद केला, आतून कडी घातली आणि बाळाला पायांवर घेतलं. तेल लावत होते, तेवढ्यात जळक्या गोवरीचा वास आला. बघते तर न्हाणीत धूर! वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना झोंबत नाही.

बाळ ठसकलं. त्याला पदरात गुंडाळून मी कडीकडे हात नेला. हाताला दगड लागला. गडबडीत दिशा चुकली असेल म्हणून बाजूला सरकले. परत दगड. एवढीशी ती न्हाणी... भिंतीला हात लावत चारी कोपरे फिरले -- दारच नाही! खरं सांगते, माझं विज्ञान कुठल्या कुठे पळालं. आत्याबाई, धूर झालाय, बाळ गुदमरतंय, असं सासूबाईंना ओरडून सांगत मी भिंत बडवायला लागले. सासूबाईंचा आवाज अगदी कानाशी येत होता, "सुनंदा, कुठंय तू? बोलत राह्य."

मग बाळाचं रडणं थांबलं. त्याची मान माझ्या खांद्यावर सैल पडली. मला ठेव इथं, पण याला बाहेर जाऊ दे, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात वर घाव पडायला लागले. हे माळवदावर चढून पहारीनं फरशी फोडत होते. मी बाळावर वाकून कोपऱ्यात बसले. फरशी फुटली, उजेड आला, धूर सरळ वर ओढला गेला आणि... दार समोरच होतं. उघडं. मी धावत ओसरीवर आले. बाळानं टाहो फोडला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्याच्या नाकपुड्यांत काजळी होती.

वायरमननं गिझर उतरवून पाहिला. एकही वायर जळालेली नव्हती. घरात चूलही नव्हती, गॅस होता. कडी अडकली म्हणून वरून फोडायला लावलं, असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मीही तेच धरून चालले.

पुढे काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. मी पाय चेपत असताना हळूच म्हणाल्या, "कडी अडकली न्हवती, सुनंदा. लागलेलीच न्हवती. तू आवाज दिल्ता तवाच म्या दार ढकललं. बराबर उघडलं. बादली तशीच व्हती, धूर बिलकुल न्हवता."

"मग आम्हाला बाहेर का नाही काढलंत?"

"काढू कुनाला? आत कुनीच न्हवतं. नुसता तुझा आवाज येत व्हता... अन् लेकराचा तर तोबी बंद पडल्ता."

धुराचं काहीतरी कारण मी एखाद दिवशी शोधून काढीनही. पण आम्ही दोघं तेव्हा होतो कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. अजय आता नोकरीला लागलाय, त्याला यातलं काहीच माहीत नाही. तो आंघोळीला गेला की मी दाराबाहेर उभी राहून उगाच काहीतरी विचारते. तो वैतागून "अगं आई, आलो" म्हणतो. तेवढं ऐकलं की मी माझ्या कामाला लागते.